रक्ताची तपासणी आणि पूर्वकर्माचे भूत

धम्मदीक्षा घेतल्यानंतर घरातील देव्हारा काढणे फारसे कठीण नसते. मनाचा निश्चय झाला की ते काम एका सकाळी होते आणि त्या जागी भगवान बुद्धांची व बाबासाहेबांची प्रतिमा येते. परंतु त्याच घरात एखादे लेकरू वर्षानुवर्षे आजारी असेल, तर जुन्या धर्मातील एक गोष्ट देव्हाऱ्याबरोबर बाहेर गेलेली नाही असे दिसून येते. ती गोष्ट म्हणजे ‘भोग’ हा शब्द. विहारात त्रिशरण-पंचशील स्पष्ट उच्चारात म्हणणारी माउली घरी आल्यावर पोराच्या पायांना तेल चोळता चोळता म्हणते, “मागल्या जन्मी काय केलं होतं या लेकरानं, कोण जाणे!” तिला दोष देण्याचे कारण नाही. दुसरे उत्तर तिला कोणी दिलेलेच नसते.

ते उत्तर आज उपलब्ध आहे, आणि पुष्कळदा ते थोड्याशा रक्ताच्या तपासणीत मिळते. मग ती तपासणी करावी की करू नये, कोणाकोणाची करावी आणि तिचा निकाल कोणाला सांगावा, हा प्रश्न अनेक बौद्ध कुटुंबांपुढे, विशेषतः विदर्भातील कुटुंबांपुढे, उभा राहतो. हा डॉक्टरांचा प्रश्न आहे असे म्हणून आपण तो बाजूला सारतो. वस्तुतः तो डॉक्टरांचा अर्धाच आहे. उरलेला अर्धा शीलाचा आहे आणि तो आपल्यालाच सोडवावा लागेल.

मी सिकलसेल या आजाराविषयी बोलत आहे. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत हा शब्द न ऐकलेली वस्ती क्वचितच असेल. आदिवासी बांधवांत हा आजार मोठ्या प्रमाणावर आहे, पूर्वाश्रमीच्या महार म्हणजे आजच्या बौद्ध समाजात आहे, आणि इतर जातींतही तो आढळतो. शिकागोचे डॉ. हेरिक यांनी १९१० साली प्रथम त्याचे वर्णन केले. आपल्याकडे नागपूरच्या परिसरातील त्याची नोंद १९५८ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी तो होताच, फक्त त्याला नाव नव्हते. हातपाय ठणकतात म्हणून तो ‘वात’ होता, डोळे पिवळे पडतात म्हणून ‘कावीळ’ होती, आणि कशानेच उतरत नाही म्हणून ‘बाहेरचे’ होते.

आजाराचे कारण समजून घेणे येथे आवश्यक आहे. कारण कारण समजले नाही की त्या रिकाम्या जागेत पूर्वकर्म शिरते. आपल्या रक्तातील तांबड्या पेशी गोल असतात आणि बारीक रक्तवाहिन्यांतून त्या सहज वाकून जातात. त्यांच्यात हिमोग्लोबिन नावाचे द्रव्य असते. तेच शरीरभर प्राणवायू पोचविते. या हिमोग्लोबिनच्या एका साखळीत १४६ दुवे असतात. त्यांपैकी फक्त सहावा दुवा बदललेला असतो, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन बसलेले असते. एवढ्याने ती पेशी प्राणवायू कमी पडला की विळ्याच्या आकाराची व ताठर होते. सिकल म्हणजे विळा. अशा पेशी एकमेकींत अडकून रक्ताची वाट अडवितात, आणि मग हाडे फुटत असल्यासारख्या वेदना होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांतच मरते. म्हणून रक्त कमी पडते आणि डोळे पिवळे होतात. एका दुव्याचा हा बदल शास्त्रज्ञ इन्ग्राम यांनी १९५६ साली दाखवून दिला. त्याच वर्षी नागपूरला बाबासाहेबांनी आपल्याला धम्मदीक्षा दिली. हा निव्वळ योगायोग आहे आणि योगायोगाला अर्थ चिकटविण्याची सवय आपण सोडली पाहिजे. तरी पण मला त्याची आठवण ठेवावीशी वाटते.

हा बदललेला दुवा मुलाला आईबापांकडून मिळतो. प्रत्येकाला या गुणाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एकच प्रत बदललेली असेल तर तो माणूस ‘वाहक’ असतो. तो सामान्यतः धडधाकट असतो, शेतात राबतो, नोकरी करतो, त्याला काही कळतही नाही. दोन्ही प्रती बदललेल्या असतील तर तो ‘रुग्ण’ होतो. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन आणि पूर्ण निरोगी असण्याची चारात एक असते. हे प्रमाण प्रत्येक खेपेस नव्याने लागू होते. पहिले मूल रुग्ण झाले म्हणजे पुढची तीन सुटली, असे नाही. दोघांपैकी एकच वाहक असेल आणि दुसऱ्याच्या दोन्ही प्रती निरोगी असतील, तर मुलाला हा आजार होत नाही.

आता असे एक घर डोळ्यांसमोर आणा. ते कोणत्याही एका गावचे नाही, आपल्या अनेक गावांत ते आहे. थोरला मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा, लहानपणापासून आजारी, शाळा मधूनच सुटलेली. त्याच्या पाठची बहीण, आणि तिच्याहून लहान एक भाऊ. घरात वडिलांची धाकटी बहीण म्हणजे या मुलांची आत्या आहे, तिच्या लग्नाची बोलणी चालली आहेत. दवाखान्यातील डॉक्टर म्हणतात, मुलाची हिमोग्लोबिनची तपासणी करा, आणि घरच्या सगळ्यांचीही करून घ्या. मुलाची आई तयार आहे. परंतु आजी म्हणते, “आधी पोरीचं लगन होऊन जाऊ दे, मंग पाहू.” वडील काही बोलत नाहीत. घरातील मौन हेच अशा वेळी निर्णय होऊन बसते.

आजीचे म्हणणे हास्यास्पद नाही. तिने आयुष्यभर नावे ठेवून घेतली आहेत. तिच्या सावलीला, तिच्या पाण्याला, तिच्या वस्तीला नावे ठेवली गेली. आता तिच्या रक्तालाही कोणी कागदावर लिहून नाव ठेवावे, हे तिला सहन होत नाही. तपासणीला विरोध करणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना अडाणी म्हणणारे काही सुशिक्षित तरुण मी पाहिले आहेत. त्या तरुणांना हे दुःख कळलेले नाही. म्हणून आजीला आधी उत्तर दिले पाहिजे, आणि ते उत्तर धम्मात आहे व विज्ञानातही आहे.

बाबासाहेबांचा ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रास्ताविकात त्यांनी जे प्रश्न विचारार्थ मांडले, त्यांत आत्मा, कर्म आणि पुनर्जन्म हा एक प्रश्न आहे. ग्रंथात पुढे त्यांनी पूर्वजन्मीच्या कर्माच्या कल्पनेची जी चिकित्सा केली आहे, तीत आनुवंशिकतेचाच मुद्दा घेतलेला आहे. विज्ञान सांगते की मुलाचे गुण आईबापांकडून येतात. पूर्वकर्माचा सिद्धांत सांगतो की आईबापांकडून मुलाला देहाखेरीज काही मिळत नाही, जे काही आहे ते मूल स्वतःच मागच्या जन्मातून घेऊन येते. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकत नाहीत, हे त्यांनी दाखवून दिले. आणि असा सिद्धांत कोणाच्या सोयीचा आहे, हेही त्यांनी सांगितले. दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी समाजाला आणि राज्याला झटकता यावी, याच्यासाठी तो सोयीचा आहे. पोराचे दुखणे जर त्याचाच भोग असेल, तर तालुक्याच्या दवाखान्यात औषध का नाही, असे विचारण्याचे कारणच उरत नाही.

प्राचीन पाली साहित्यातही याला आधार आहे. संयुक्त निकायात मोलिय सीवक नावाच्या परिव्राजकाची कथा येते. माणसाला जे सुखदुःख भोगावे लागते ते सर्व पूर्वी केलेल्या कर्मामुळेच, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, आपले मत काय, असे त्याने भगवंतांना विचारले. भगवंतांनी पित्त, कफ, वात, ऋतुपालट, अयोग्य वागणूक, बाहेरचा आघात अशी वेगवेगळी कारणे सांगितली, कर्मविपाक हे त्यांतले केवळ एक म्हणून सांगितले, आणि सर्वच पूर्वकर्मावर ढकलणारे लोक अनुभवाच्या आणि जगाच्या मान्यतेच्या पलीकडे जातात, म्हणजे चुकतात, असा निर्वाळा दिला. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या वैद्यकाची भाषा पित्त-कफाची होती. ती आज बदलली. मात्र कारण शोधा, सरसकट कर्मावर टाकू नका, हा दंडक बदललेला नाही. प्रतीत्यसमुत्पाद म्हणजे तरी दुसरे काय? हे असेल तर ते होते. विशिष्ट दुवा बदलला असेल तर विशिष्ट वेदना होते.

म्हणून तपासणी करावी की नाही, या प्रश्नाला माझे पहिले उत्तर असे आहे की, जो आजारी आहे त्याची तपासणी टाळणे हा त्याच्यावर अन्याय आहे. येथे दुमत असण्याचे कारण दिसत नाही. आजाराला नाव मिळाले की उपचाराला दिशा मिळते. हायड्रॉक्सियुरिया नावाच्या गोळीने पुष्कळ रुग्णांच्या वेदनेचे झटके कमी होतात, रक्त देण्याचे प्रसंग कमी येतात. फॉलिक आम्लाची गोळी मिळते. लहान मुलांना पेनिसिलिन आणि न्यूमोकोकसची लस दिली तर जीवघेण्या जंतुसंसर्गापासून त्यांचे रक्षण होते. भरपूर पाणी पिणे, थंडीपासून जपणे, ताप आला की लगेच दवाखाना गाठणे, या साध्या गोष्टीही नाव कळल्यावरच घरात शिस्तीने पाळल्या जातात. पायाला तेल चोळण्यात माया आहे, ती असावीच. पण मायेला ज्ञानाची जोड नसेल तर मूल हातचे जाते. अतिसाराने मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला भगवंतांनी आनंदासह स्वतः आंघोळ घातली आणि सोबत्यांना बोलावून, ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची सेवा करावी अशा अर्थाचा उपदेश केला. प्रज्ञा आणि करुणा हे शब्द आपण जोडीने का उच्चारतो, हे येथे कळते.

आजारी मुलाच्या लहान भावंडांचेही तेच. हा आजार जन्मानंतर पहिले काही महिने दिसत नाही, कारण गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन तोपर्यंत मुलाला सांभाळते. धाकटा ठणठणीत दिसतो म्हणून त्याची तपासणी लांबवू नये. त्याला आजार असेलच तर पेनिसिलिन आणि लस वेळेवर मिळाली पाहिजे. हा निर्णय आईबापांनीच घ्यायचा आहे, कारण मूल स्वतः घेऊ शकत नाही आणि वाट पाहण्यात धोका आहे.

परंतु आत्याचा प्रश्न वेगळा आहे. ती आजारी नाही. ती सज्ञान आहे. तिच्या रक्तावर तिचा अधिकार आहे, भावाचा नाही, आईचा नाही आणि ठरलेल्या नवऱ्याचाही नाही. तिला न विचारता, ‘अशक्तपणाची तपासणी आहे’ असे सांगून तिचे रक्त देणे हे अदत्तादानच आहे, असे मी म्हणतो. न दिलेले घेणे म्हणजे केवळ पैसाअडका किंवा धान्य घेणे नव्हे. उलट ती स्वतः तपासणी करू इच्छित असेल, तर तिला ‘लग्न मोडेल’ अशी भीती घालून अडविणे हाही तितकाच अपराध आहे. घराने तिच्यापुढे सगळी माहिती ठेवावी, आणि निर्णय तिचा तिला घेऊ द्यावा.

काही घरांत याच्या उलट अडचण असते. आजारी माणूस मोठा असतो, धाकटा दीर म्हणा किंवा मामा म्हणा, आणि तोच म्हणतो, मला तपासायचे नाही, मला कळून काय करायचे! त्याची वहिनी गरोदर असते आणि तिला काळजी लागलेली असते. अशा वेळी दोन माणसांचे हित एकमेकांच्या विरुद्ध उभे आहे असे वाटते. प्रत्यक्षात ते तसे नाही. वहिनीला दिराच्या रक्ताची गरज नाही. ती आणि तिचा नवरा या दोघांनी आपली तपासणी केली की त्यांच्या होणाऱ्या मुलाविषयी जे कळायचे ते कळते. आजाऱ्यावर जबरदस्ती करण्यापूर्वी, आपल्याला हवे ते ज्ञान आपल्याच रक्तातून मिळते का, हे पाहावे. बहुतेक वेळा मिळते. आणि दिराला उपचाराचे महत्त्व पटवून देण्याचे काम वेगळे आहे. ते बोलून, जवळ बसून करायचे आहे, कोंडीत पकडून नव्हे.

तपासणीविषयी एक व्यावहारिक गोष्ट येथेच सांगतो, कारण तिच्यामुळे पुष्कळ घरांत अकारण रडारड झालेली आहे. शिबिरात जी पहिली, झटपट होणारी विद्राव्यता चाचणी असते, ती फक्त विळ्याचे हिमोग्लोबिन आहे की नाही एवढे सांगते. माणूस वाहक आहे की रुग्ण आहे, हे ती सांगू शकत नाही. त्याच्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी लागते. पहिल्याच चिठ्ठीवरून ‘मुलीला सिकलसेल आहे’ अशी बातमी वस्तीभर करणारे आरोग्यसेवक आणि शेजारी दोघेही अज्ञानी आहेत.

आता सुनेविषयी. रुग्ण मूल जन्माला आले की सासरची माणसे म्हणतात, हा रोग हिने माहेराहून आणला. बौद्ध घरांतही हे बोलणे चालते, हे लपविण्यात अर्थ नाही. वर सांगितलेला हिशेब पुन्हा वाचा. मूल रुग्ण व्हायला दोन प्रती लागतात, एक आईची आणि एक वडिलांची. जितका वाटा तिचा तितकाच त्याचा. निसर्गाने येथे स्त्री-पुरुष समता इतकी काटेकोर पाळली आहे की, सासूला बोट दाखवायला जागाच ठेवलेली नाही. दाखवायचेच तर स्वतःच्या मुलाकडेही दाखवावे लागेल. याच्याही पुढे जाऊन काही ठिकाणी तपासणीत वडिलांच्या रक्तात विळ्याचे हिमोग्लोबिन दिसत नाही आणि मग बाईच्या चारित्र्यावर शंका घेतली जाते. हे अत्यंत घातक आहे. वडील थॅलसेमियाचे वाहक असतील तरी आईचा सिकलसेलचा गुण आणि वडिलांचा थॅलसेमियाचा गुण मिळून मुलाला आजार होतो. ही गोष्ट तज्ज्ञ डॉक्टर समजावून सांगू शकतात. अहवालाचा कागद हातात घेऊन घरच्या घरी न्यायनिवाडा करणाऱ्यांना ती कळत नाही. निकाल ज्याचा त्याला, खाजगीत, समजावून सांगितला जावा, असा आग्रह प्रत्येकाने धरावा. चावडीवर वाचून दाखविण्याची ती यादी नव्हे.

लग्नाचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला होता. आपल्या वधू-वर मेळाव्यांत शिक्षण, नोकरी, उंची, रंगसुद्धा विचारला जातो. जन्मपत्रिका आपण टाकून दिली, याचा आपल्याला योग्य अभिमान आहे. मग रक्ताचा अहवाल ही नवी पत्रिका होणार नाही का, असे काही बांधव विचारतात. प्रश्न रास्त आहे. पत्रिका आणि अहवाल यांत फरक असा की पत्रिका खोटी असते आणि अहवाल खरा असतो. परंतु खऱ्या गोष्टीचाही उपयोग माणसाला बहिष्कृत करण्यासाठी करता येतो. म्हणून हे ठसवून सांगितले पाहिजे की वाहक मुलगी किंवा वाहक मुलगा लग्नाला अयोग्य नाही. दोन्ही प्रती निरोगी असलेल्या जोडीदाराशी त्याने विवाह केला तर मुलांना हा आजार होत नाही. सावधगिरीची वेळ दोघेही वाहक असतील तेव्हा येते, आणि तेव्हाही त्या दोघांनी सर्व समजून निर्णय घ्यायचा आहे. जो तरुण स्वतःची तपासणी न करता मुलीचा अहवाल मागतो, त्याला तो देऊ नये. दोघांनी बरोबर करावी आणि एकमेकांना दाखवावी, ही रीत पडली पाहिजे.

आणि आत्याने तपासणी केली व ती वाहक निघाली, तर वराकडे सांगावे की लपवावे? खोटे न बोलण्याची प्रतिज्ञा आपण दीक्षेच्या वेळी घेतलेली आहे. गप्प राहणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे, असा बचाव मी ऐकलेला आहे. जेथे आपल्या गप्प राहण्यामुळे दुसऱ्याच्या लेकराला आयुष्यभर वेदना होण्याचा संभव आहे, तेथे तो बचाव टिकत नाही. मात्र ते तिने त्या तरुणाला सांगायचे आहे. त्याच्या काकांना, मामांना आणि मध्यस्थाला नव्हे.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा अनुभव येथे आपल्या उपयोगी पडतो. सिकलसेल तेथे मुख्यत्वे त्यांच्यात आहे. १९७१ पासून ब्लॅक पँथर संघटनेने स्वतः वस्त्यांत जाऊन लोकांची मोफत तपासणी सुरू केली. आपल्या मुंबईत १९७२ साली स्थापन झालेल्या दलित पँथरने नाव घेतले ते याच संघटनेवरून. त्याच १९७२ साली अमेरिकन सरकारने सिकलसेल नियंत्रणाचा कायदाही केला. परंतु काही राज्यांनी तपासणी सक्तीची केली, वाहक आणि रुग्ण यांतला फरक लोकांना समजावून दिला नाही, आणि धडधाकट वाहकांना नोकरी व विमा मिळेना. तेथील हवाई दलाच्या अकादमीने तर १९८१ पर्यंत वाहकांना प्रवेश नाकारला. तपासणी तीच, रक्त तेच. आपल्या माणसांनी विश्वासाने केली तेव्हा तिचा आधार झाला, वरून लादली तेव्हा तिचा फास झाला. भारत सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. आदिवासीबहुल भागांतील सात कोटी लोकांची तपासणी करून त्यांना कार्डे देण्याचा तिचा संकल्प आहे. संकल्प चांगला आहे. पण कार्ड देणाऱ्याने समजावून सांगितले का, आणि कार्ड मिळालेल्या रुग्णाला गोळी दर महिन्याला मिळते का, हे विचारण्याचे काम आपल्या विहार समित्यांचे आहे.

आजीच्या मनातील शल्याला अजून पुरते उत्तर दिलेले नाही. आपलेच रक्त का, असे ती विचारते. उत्तर असे की हा गुण अशुद्धतेचे लक्षण नाही. १९५४ साली ॲलिसन या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की सिकलसेलच्या वाहकांचे हिवतापापासून, म्हणजे मलेरियापासून, बऱ्याच अंशी रक्षण होते. ज्या प्रदेशांत हिवतापाने माणसे मरत, तेथे हा एक दुवा बदललेली माणसे अधिक जगली आणि तो गुण टिकून राहिला. रानातल्या हिवतापाशी ज्यांनी झुंज दिली, त्यांची ही खूण आहे, आजी. तिची किंमत काही नातवंडांना मोजावी लागते, हे दुःख खरे आहे. लाजेचे कारण मात्र त्यात तिळमात्र नाही.

तो गुण विशिष्ट जातींतच दाटून का राहिला, याचेही उत्तर बाबासाहेबांनी दिलेले आहे, जरी ते सिकलसेलविषयी बोलत नव्हते. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात, जातीतल्या जातीत विवाह हेच जातीचे मर्म होय, असे त्यांनी प्रतिपादन केले. पिढ्यान्‌पिढ्या त्याच वर्तुळात सोयरिकी झाल्या की दोन वाहक एकमेकांसमोर येण्याचा संभव वाढतो. धम्म स्वीकारूनही आपण पोटजात पाहून सोयरीक करतो, ही मोठी खेदाची गोष्ट आहे. मात्र ‘आपले रक्त वाईट म्हणून बाहेर लग्न करा’ असा युक्तिवाद मी करणार नाही. आंतरजातीय विवाह माणुसकीसाठी करायचा. रोगाला भिऊन केलेला विवाह जातीची भिंत पाडत नाही. शिवाय जोडीदार दुसऱ्या जातीचा असला तरी तो वाहक नसेलच असे नाही, तपासणी त्यालाही लागतेच.

सर्वांत अवघड प्रसंग गरोदरपणाचा. दोघेही वाहक आहेत असे उशिरा कळले, तर गर्भाची तपासणी दहाव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास मोठ्या केंद्रात होऊ शकते. १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यातही अशा रक्तविकारांच्या निदानाला मुभा आहे. निदान आजाराचेच निघाले तर पुढे काय, हा प्रश्न पहिल्या शीलाला जाऊन भिडतो. काही भिक्खू त्याचे एक उत्तर देतील, काही डॉक्टर दुसरे देतील. मला असे वाटते की, जिच्या उदरात ते मूल आहे आणि जी रात्ररात्र जागून त्याला सांभाळणार आहे, तिच्यावर यांपैकी कोणीही आपले उत्तर लादू नये. तिने गर्भ ठेवला तर तिला वेडी म्हणू नये, न ठेवला तर पापी म्हणू नये. या वळणावर कमी जोडप्यांना यावे लागावे, यासाठीच विवाहापूर्वीच्या तपासणीचा एवढा आग्रह.

आता पुन्हा त्या थोरल्या मुलाकडे येऊ, कारण एवढ्या चर्चेत त्यालाच विसरण्याची आपली सवय आहे. बहिणीचे काय, आत्याचे काय, सोयरिकीचे काय, सगळ्यांचा विचार होतो. त्याला मात्र कोणी विचारत नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला आपल्या आजाराचे नाव कळण्याचा अधिकार आहे. निकाल आला की तो सर्वांत आधी त्याला, त्याच्याजवळ बसून सांगावा. त्याच्यामुळे घराची सोयरीक अडली, हे वाक्य त्याच्या कानावर कधीही पडू देऊ नये. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. जिल्हा रुग्णालयातून त्याचे प्रमाणपत्र काढावे. सुटलेली शाळा पुन्हा सुरू करावी, आणि वर्गशिक्षकांना जाऊन भेटावे. त्यांना सांगावे की याला बाकावर पाण्याची बाटली ठेवू द्या, लघवीला वारंवार जावे लागते तर अडवू नका, थंडीतल्या पहाटेच्या कवायतीतून वगळा, आणि चार दिवस आला नाही तर हजेरीपटावरून नाव कमी करू नका.